नवरा फिल्डला निघालाय? घर सांभाळणारीने आधी काय काय उरकावं

लग्न ठरताना "मुलगा मिलिटरीत आहे, कायम नोकरी आहे" एवढं सगळे सांगतात. पीस पोस्टिंग कशाला म्हणतात, फिल्डला गेल्यावर बायकोने कुठे राहायचं, पार्ट टू ऑर्डर नावाचा कागद नसला तर काय अडतं, हे कुणी सांगत नाही. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारख्या गावात दिलं असेल तर शेजारच्या चार घरांतून माहिती मिळते. बाकीच्या गावांत मात्र फौजेतल्या प्रत्येक माणसाला 'मेजर' म्हणतात आणि त्याच्या बायकोला विचारतात, "अगं, तुला काय काळजी, सगळं फुकट असतंय की!"

हा लेख त्या बायकोसाठी. आई-वडिलांनीही वाचावा, कारण अग्निवीर भरतीच्या वेळी अविवाहित असतो आणि त्याच्या मागे घर सांभाळतात ते आई-वडीलच. यातले शब्द आर्मीतले आहेत. नेव्ही आणि एअरफोर्समध्ये कागदांची नावं वेगळी असतात, गरजा त्याच.

आधी साधा हिशेब समजून घ्या. जवानाला वर्षाला ६० दिवसांची ॲन्युअल लीव्ह आणि ३० दिवसांची कॅज्युअल लीव्ह असते. अग्निवीराला ३० दिवस. पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत ठाण्यावर, क्वार्टर मिळालं तर कुटुंब सोबत राहतं. फिल्डला म्हणजे सीमेवर, काश्मीरमध्ये आरआरला (राष्ट्रीय रायफल्सला), ईशान्येला किंवा ग्लेशियरवर कुटुंब नेता येत नाही. पीस आणि फिल्ड साधारण दोन-तीन वर्षांनी आलटून पालटून येतात. म्हणजे सगळी सुट्टी मिळाली तरी फिल्डच्या काळात वर्षातले नऊ महिने घरात तो नसणार.

माझ्या सगळ्या तयारीमागे एकच विचार आहे: त्याचा फोन आला की त्यात काम निघता कामा नये. रेंज मिळते दहा मिनिटं, त्यातली आठ "तो ओटीपी सांगा" आणि "तलाठ्याला फोन करा" यात गेली की दोघंही चिडून फोन ठेवतात. म्हणून जी कामं त्याच्या सहीवर, नंबरवर किंवा आठवणीवर अडू शकतात, ती तो घरी असतानाच सोडवायची.

१. फौजेच्या कागदावर तुमचं नाव लावून घ्या

लग्न झालं, गावाला जेवण दिलं, म्हणून रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या कार्यालयाला, तुम्ही माहीत झालात असं होत नाही. युनिटने लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्या बदलाची अधिकृत नोंद, काढली आणि ती रेकॉर्ड ऑफिसला नोंदली गेली, की मग तुम्ही कागदावर पत्नी होता. डिपेंडंट कार्ड, क्वार्टर, एमएचमधला (मिलिटरी हॉस्पिटलमधला) उपचार, पुढे पेन्शन, सगळं या नोंदीवर चालतं.

लागतं काय? विवाह नोंदणी प्रमाणपत्र, दोघांचा एकत्र फोटो, तुमचं आधार. विवाह नोंदणी गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेत होते. लग्नाच्या सुट्टीतच ती करून घ्या. दोघांना आणि साक्षीदारांना हजर राहावं लागतं, आणि पुढच्या सुट्टीपर्यंत साक्षीदार मामा कुठे असतील सांगता येत नाही. कागद युनिटला दिले की काम संपलं असं समजू नका. ऑर्डर निघाल्यावर तिचा नंबर आणि तारीख मागा आणि वहीत लिहा. मूल झालं की त्याच्या जन्माचीही अशीच ऑर्डर निघते. जन्मदाखला हातात आला की लगेच पाठवा.

आता मोठा खड्डा: नाव. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. मग शाळेच्या दाखल्यावर माहेरचं पूर्ण नाव, आधारवर सासरचं, बँकेत मधल्या नावाशिवाय आणि फौजेत नवऱ्याने फॉर्म भरताना घाईत लिहिलेलं स्पेलिंग, अशी एकाच बाईची चार नावं तयार होतात. नोकरी चालू असते तोवर हे खपून जातं. पेन्शनच्या वेळी, किंवा काही वाईट घडलं तर त्या वेळी, एक अक्षर महिनोन्महिने छळतं. त्यामुळे एक नाव ठरवा. माझं मत विचाराल तर आधारवर सासरचं नाव करून घेतल्यावर, त्याच स्पेलिंगने, पार्ट टू ऑर्डर काढा. आधीच वेगळ्या नावाने निघाली असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून किंवा युनिट सांगेल तसं प्रतिज्ञापत्र देऊन दुरुस्तीची ऑर्डर काढता येते. जन्मतारखेचंही तसंच. नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग मुलांच्या जन्मदाखल्यावर फौजेतल्यासारखंच आहे ना, हे दाखला घेतानाच खिडकीवर उभं राहून तपासा.

याच वेळी नॉमिनेशन बघा. भरतीच्या वेळी पोरगा एकटा असतो, त्यामुळे आर्मी ग्रुप इन्शुरन्स आणि प्रॉव्हिडंट फंड या दोन्हीला बहुधा आईचं नाव असतं. लग्नानंतर ते आपोआप बदलत नाही. सासूबाईंचं नाव काढायचं का, किती हिस्सा कुणाला, हा विषय अवघड आहे हे खरं, पण तो नवऱ्याने आई-वडिलांसमोर बसून एकदा बोलून टाकावा. बायकोने मागून मोबाइलवर विषय काढला की त्याचा वेगळाच अर्थ लागतो. अग्निवीराला ४८ लाखांचं विमा संरक्षण असतं; तिथेही नॉमिनी कोण, हे घरच्यांना माहीत हवं.

२. पैसा आणि ओटीपी

नवरा जाताना एटीएम कार्ड आणि पिन देऊन जातो, आणि घरात सगळ्यांना वाटतं की पैशाची सोय झाली. मग बँकेचा मेसेज जातो त्याच्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल जमा असतो किंवा रेंजबाहेर असतो. गॅस बुकिंग त्याच्या नंबरवर. महावितरणचं बिल त्याच्या नंबरवर. मुलाच्या आधारला नंबर त्याचाच. शाळेच्या ॲपचं लॉगिनही त्याचंच.

सुट्टीत एक दिवस काढून हे करा:

- सॅलरी खातं त्याचंच राहू द्या, पण तुमच्या स्वतःच्या नावाचं खातं उघडा, तुमच्या नंबरला जोडा. दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप तिकडे वळती होईल अशी सूचना बँकेत देऊन ठेवा.
- जमल्यास एक जॉइंट खातं, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीचं. मोठ्या अडचणीची रक्कम त्यात.
- गॅस, वीज, शाळा, मुलांचं आधार या सगळ्यांना तुमचा नंबर.
- कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते कोणत्या तारखेला कोणत्या खात्यातून जातात, याची एका पानावर यादी.

सासू-सासऱ्यांना द्यायचे पैसे नवऱ्याने थेट त्यांच्या खात्यात टाकावेत. सुनेच्या हातून दिले की दर महिन्याला दोन्हीकडून हिशेब सुरू होतो. हा सल्ला मी पुष्कळ घरं बघून देतेय.

सरकारी योजनांबद्दल सावध राहा. घरात कायम सरकारी नोकर असेल तर 'माझी लाडकी बहीण' योजनेसाठी कुटुंब अपात्र ठरतं, आणि जवान हा केंद्र सरकारचा नोकर आहे. पीएम किसानचंही तसंच. "सगळे भरतायत, तू पण भर" असं कुणी म्हणालं तरी फॉर्म भरू नका. वसुलीची नोटीस तुमच्या नावाने येईल.

३. राहायचं कुठे, हे बदलीच्या आधी ठरवा

तीन वाटा असतात. सासरी, माहेरी किंवा स्टेशनवर. आधीच्या पीस स्टेशनचं क्वार्टर आपोआप तुमच्याकडे राहत नाही. ठेवायचं असेल तर अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. फिल्डला असलेल्यांच्या कुटुंबांसाठी काही स्टेशनांवर सेपरेटेड फॅमिली क्वार्टर असतात, त्यांना सगळे एसएफ क्वार्टर म्हणतात. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देवळाली, अहिल्यानगर, कामठी अशी मोठी लष्करी ठाणी आहेत, पण वेटिंग असतं, म्हणून बदलीची ऑर्डर आली त्याच आठवड्यात युनिटमार्फत अर्ज टाका. क्वार्टर घेतलं की घरभाडे भत्ता बंद होतो, तोही हिशेबात धरा.

माझं स्पष्ट मत: मूल शाळेत जाण्याआधी माणसं बघून जागा निवडा, मूल शाळेत जायला लागलं की शाळा बघून. पहिल्या फिल्डला, नवीन लग्न झालेलं असताना, अनोळखी शहरात खोली घेऊन एकटीने राहण्याची घाई नको. एसएफ क्वार्टरचं तसं नाही. तिथे शेजारणीचा नवराही फिल्डलाच असतो, रात्री बारा वाजता मुलाला ताप आला तर दार ठोठावायला लाज वाटत नाही.

४. संपर्काची वही

मोबाइलमध्ये नाही, कागदाच्या वहीत. मोबाइल हरवतो. वहीच्या पहिल्या पानावर त्याचा आर्मी नंबर, रँक, पूर्ण नाव, कंपनी (युनिटमधली त्याची तुकडी), युनिट आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे इंजिनिअर ग्रुप असेल तर खडकी, तोफखाना असेल तर नाशिक रोड. पुष्कळ बायकांना नवऱ्याचा आर्मी नंबर पाठ नसतो, आणि कुठल्याही ऑफिसात तोच पहिल्यांदा विचारतात.

त्याखाली माणसं: कंपनीचे सीनियर जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर), सुभेदार मेजर साहेब, हेड क्लार्क, युनिटची रिअर पार्टी (युनिट पुढे गेल्यावर मागे राहिलेली तुकडी) जिथे असेल तिथला नंबर आणि एक्सचेंजचा लँडलाइन. शिवाय त्याच्याच कंपनीतल्या एखाद्या जवानाच्या घरचा नंबर. हा शेवटचा नंबर सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

पत्र किंवा पार्सल पाठवायचं तर नंबर, रँक, नाव, युनिट, मग 'मार्फत ५६ एपीओ' किंवा 'मार्फत ९९ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मीचं पोस्ट ऑफिस) आणि ९ ने सुरू होणारा पिन कोड. गावाचं नाव टाकायचं नाही. राखी पाठवणाऱ्या नणंदांना हे आधीच लिहून द्या. दरवर्षी कुणीतरी पाकिटावर ठळक अक्षरात 'कुपवाडा' लिहितंच.

फोनबद्दल एक गोष्ट आधी माहीत असली की पहिल्या आठवड्यातली रडारड टळते. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. गाडी तिकडे शिरली की त्याचा नेहमीचा नंबर बंद लागतो. पोस्टपेड चालतं, किंवा तो तिथलं सिम घेतो. तेव्हा निघण्याआधी नंबर पोस्टपेड करून घ्यायचा का, हे ठरवा.

या पायरीवरचे दोन सापळे. पहिला, अनोळखी फोन: "मी हेडक्वार्टरमधून कर्नल बोलतोय, तुमच्या मिस्टरांची युनिट सध्या कुठे आहे, रेकॉर्ड अपडेट करायचं आहे." फौजेला स्वतःची युनिट कुठे आहे हे घरी विचारावं लागत नाही. गोड आवाजात बाईही बोलू शकते. काही सांगायचं नाही, नंबर लिहून ठेवायचा आणि युनिटला कळवायचं. दुसरा सापळा आपणच लावतो: वर्दीतला फोटो, मागे युनिटची पाटी, खाली "आज लेहला निघाले माझे हिरो". स्टेटसला लाइक मिळतात आणि पलटणीच्या हालचालीची माहितीही बाहेर जाते. त्याच्या आयकार्डाचा फोटोही मोबाइलमध्ये नको. फसवणूक झालीच आणि पैसे गेले तर लगेच १९३० वर तक्रार करा.

५. दवाखाना

नोकरीत असलेल्या जवानाच्या कुटुंबाचा उपचार मिलिटरी हॉस्पिटलमध्ये, म्हणजे एमएचमध्ये होतो. ईसीएचएस ही निवृत्तांसाठीची सोय आहे. नव्या मुली हमखास गोंधळतात आणि डिपेंडंट कार्ड घेऊन ईसीएचएस पॉलिक्लिनिकच्या रांगेत उभ्या राहतात. सासू-सासऱ्यांना उपचार हवे असतील तर ते त्याच्यावर अवलंबून असल्याची नोंद वेगळी करावी लागते, आणि तिला उत्पन्नाची मर्यादा आहे.

गाव एमएचपासून लांब असेल तर तातडीच्या वेळी जवळच्या दवाखान्यातच जा, जीव आधी. पण त्याच दिवशी युनिटला आणि जवळच्या एमएचला कळवा, आणि तातडी होती असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट जपून ठेवा. चार दिवसांनी सावकाश कळवलं की खर्च परत मिळवताना तातडी सिद्ध करत बसावं लागतं.

गरोदर असाल तर एमएचमध्ये लवकर नाव नोंदवा. बाळंतपणाला तो येईलच असं धरून चालू नका. तारखेआधी रजेचा अर्ज टाकू द्या, पण रात्री गाडी कोण काढणार, रक्त लागलं तर कोण, मोठं मूल कुणाकडे, ही नावं त्याच्याशिवाय ठरवा. तो आला तर चांगलंच.

६. शाळा

केंद्रीय विद्यालय आणि आर्मी पब्लिक स्कूल या दोन सोयी. केंद्रीय विद्यालयात प्रवेशाच्या वेळी गेल्या ७ वर्षांत किती बदल्या झाल्या हे बघतात, म्हणून युनिटकडून घेतलेल्या सर्व्हिस सर्टिफिकेटवर बदल्यांची संख्या बरोबर आहे का ते तपासा. हे सर्टिफिकेट प्रवेशाचे फॉर्म निघायच्या आधीच मागवा, कारण फिल्डमधून कागद यायला वेळ लागतो.

मुलांच्या शिक्षणाचा भत्ता दोन मुलांसाठी मिळतो, १ जानेवारी २०२४ पासून महिन्याला मुलामागे २८१२ रुपये ५० पैसे. वर्ष संपल्यावर मुख्याध्यापकांचा दाखला घेऊन तो पाठवायचा असतो. एप्रिल-मेमध्येच दाखला घ्या. मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर झाली नसेल तर इथे अडतं.

७. जमीन, तलाठी, कोर्ट

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, आणि सगळ्यात कमी तयारीही इथेच असते. तो फिल्डला असताना सासरे वारले, वारस नोंद झाली, चुलत्यांनी वाटणी काढली, बांध सरकला. फेरफाराची नोटीस गावात लागते आणि हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून चालू फेरफाराच्या नोटिसा घरबसल्या दिसतात. महिन्यातून दोनदा बघायची सवय ठेवा. सातबारा आणि आठ-अ चा ताजा उतारा दरवर्षी काढून ठेवा.

कुलमुखत्यारपत्र करायचं असेल तर ज्या कामासाठी हवं तेवढ्यापुरतंच करा आणि जमिनीसंबंधी असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून घ्या. "भावाच्या नावाने सगळ्याचं एकच करून टाकू, सारखं यायला नको" हे सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सुचतं. शेवटच्या दिवशी कशावरच सही करायची नाही, असा नियम घरात ठेवा. हक्कसोड तर अजिबात नाही.

कोर्टात दावा असेल तर दोन कायदे माहीत हवेत. इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५: जवान विशेष किंवा युद्धाच्या परिस्थितीत सेवेत असेल आणि त्याच्या वतीने कुणी हजर नसेल, तर दिवाणी किंवा महसुली दाव्याचं काम थांबवून त्याला नोटीस देण्याची तरतूद त्यात आहे. आणि आर्मी ॲक्ट, १९५० नुसार, खटल्यासाठी रजा मिळाल्याचं सैनिकी अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र दिलं तर शक्यतो त्या रजेच्या काळातच सुनावणी ठेवायची असते. वकिलाला हे माहीत असेलच असं नाही, तुम्ही सांगा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज दिला तर ते तहसीलदार, पोलीस किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे पत्र पाठवतात. हे कार्यालय फक्त निवृत्तांसाठी आहे हा गैरसमज आहे.

फाइलमध्ये काय असावं

एक जाड फाइल घ्या. त्यात विवाह प्रमाणपत्र, पार्ट टू ऑर्डरचे नंबर, दोघांचं आधार आणि पॅन, मुलांचे जन्मदाखले, एकत्र फोटोच्या जादा प्रती, पासबुकांची पहिली पानं, विम्याचे कागद, नॉमिनेशनची प्रत, चालू वर्षाचं सर्व्हिस सर्टिफिकेट, जमिनीचे उतारे, घरपट्टीची पावती आणि मृत्युपत्र केलं असेल तर त्याची प्रत. डिपेंडंट कार्ड आणि कँटीन कार्ड पर्समध्ये. फाइल कुठे आहे हे तुमच्याशिवाय घरातल्या आणखी एका माणसाला माहीत हवं.

मृत्युपत्राचा विषय काढला की घरात "अभद्र बोलू नको" म्हणतात. फौजेत ते रोजच्या कामासारखं बघतात. तुम्हीही तसंच बघा.

८. फोनवर काय बोलायचं, काय ठेवायचं

फोन एक आणि बोलणारे पाच, ही सासरी राहणाऱ्या प्रत्येकीची अडचण. आई बोलते, वडील बोलतात, मूल हातातून फोन ओढतं, आणि तुमच्या वाट्याला "बरं आहे ना? ठेवतो" येतं. यावर उपाय नवऱ्यानेच करायचा: आईला तिच्या फोनवर वेगळा कॉल, तुम्हाला वेगळा. हे सुनेने मागितलं तर भांडण, मुलाने केलं तर काही नाही.

काय लपवायचं? माझं मत बऱ्याच जणींना पटत नाही, पण मी मोठं काही लपवत नाही. सासऱ्यांना ॲडमिट केलं तर सांगायचं, फक्त ॲडमिट केल्यानंतर, डॉक्टर काय म्हणाले त्यासकट. कळूनही लपवलं हे त्याला मित्राच्या घरून समजतं, आणि मग तुमच्या "सगळं ठीक आहे" वरही त्याचा विश्वास राहत नाही. सासू-सुनेची कुरबुर मात्र नको. रात्रीच्या ड्युटीआधी तर नकोच. तिथून तो काहीच करू शकत नाही आणि झोप जाते.

रजा हवी अशी खरी अडचण आली तर नवऱ्याकडे रडण्याआधी कागद तयार करा: डॉक्टरांचं पत्र, ॲडमिट केल्याचा कागद, गरज पडल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र. मग सीनियर जेसीओ साहेबांना फोन. कागदासकट मागणी आली की त्यांनाही पुढे बोलता येतं.

आणि फोन आलाच नाही तर? गस्तीवर असेल, बर्फात लाइन तुटली असेल, किंवा काही घटना घडल्यावर त्या भागात इंटरनेट बंद केलं असेल. अशा वेळी टीव्ही बंद करा. चॅनलवर जिल्ह्याचं नाव येतं, युनिटचं येत नाही, आणि आपण प्रत्येक पट्टीत आपलाच माणूस शोधतो. व्हॉट्सॲपवर फिरणारी नावं उघडू नका, पुढे पाठवू नका. काही असेलच तर ते युनिटकडून आणि सरकारी मार्गाने कळवलं जातं. त्यासाठी तुमचा पत्ता आणि नंबर युनिटमध्ये ताजा असला म्हणजे झालं. वहीतल्या त्या, त्याच्याच कंपनीतल्या जवानाच्या घरी मात्र जरूर फोन लावा. त्यांच्याकडेही दोन दिवस फोन नसेल तर समजा, तिकडची लाइनच बंद आहे.

९. मुलं

वर्षाच्या आतलं मूल सुट्टीवर आलेल्या बापाला बघून रडतं. बापाला ते फार लागतं. त्याला आधीच सांगून ठेवा की पहिले दोन दिवस उचलून घेण्याचा हट्ट नको, जवळ बसून खेळत राहा. मोठ्या मुलांना "पप्पा उद्या येणार" अशी थाप कधीच नको. किती झोपा झाल्या की येणार असं कॅलेंडरवर मोजणंही टाळा, कारण रजा पुढे ढकलली जाते. "सुट्टी मिळाली की येणार, मिळाली की मी तुला लगेच सांगणार" हे मुलांना कळतं.

"पप्पा आले की सांगते" ही धमकीही नको. तो वर्षातून दोनदा येणार आणि मुलांच्या डोक्यात येणारा माणूस म्हणजे मार देणारा.

१०. तुमचं स्वतःचं

आर्मी वाइव्हज वेल्फेअर असोसिएशन, सगळे 'आवा' म्हणतात, १९६६ पासून काम करते. स्टेशनवर राहत असाल तर वेल्फेअर मीटला जा. पहिल्यांदा कंटाळवाणं वाटेल, साहेबांच्या मिसेससमोर बोलायला संकोच वाटेल, पण क्वार्टरचं गळणारं छत आणि शाळेचा प्रवेश तिथेच मार्गी लागतो. गावात असाल तर शिवण, अर्धवट राहिलेली पदवी, बचत गट, काहीही, पण दिवसातले काही तास घराबाहेर जातील असं काम धरा. "नवरा लांब, आणि ही फिरते" असं बोलणारे बोलतीलच.

झोप लागत नाही, सतत छातीत धडधडतं, मुलांवर हात उठतो असं होऊ लागलं तर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा वेगळा कक्षही आहे. युनिटला कळेल, नवऱ्याची बदनामी होईल, या भीतीने थांबू नका.

११. सुट्टी

सुट्टी म्हणजे कामांची यादी होऊन बसते. घराचा स्लॅब, चुलत भावाचं लग्न, जमिनीची मोजणी, देवदर्शन, सगळं त्याच महिन्यात. पहिले तीन दिवस कुणालाच देऊ नका. तो दचकून उठेल, गर्दीत चिडेल, ताटावर बसून पाच मिनिटांत जेवून उठेल; याला वेळ लागतो.

तुम्हालाही अवघड जातं, हे कुणी बोलत नाही. इतके महिने घर तुम्ही चालवलेलं असतं, आणि हा येऊन विचारतो, "दूधवाला का बदलला?" भांडण पहिल्या आठवड्यात होतंच. बदललेल्या गोष्टी आल्या-आल्या चहा घेताना सांगून टाकल्या तर अर्ध्यावर निभावतं. मुलांचे नियम तुमचेच चालू ठेवा. त्याने महिनाभर लाड करून नियम मोडले तर तो गेल्यावर निस्तरायचं तुम्हालाच.

कामं मधल्या आठवड्यांत घ्या, कार्यालयांची सोमवार-मंगळवारच्या दिवशी, म्हणजे "साहेब नाहीत, उद्या या" झालं तरी त्याच आठवड्यात परत जाता येतं. परतीच्या रिझर्व्हेशनचं आल्याबरोबर बघा. शेवटच्या दोन दिवसांत फक्त फाइल काढून बसा: कुठला कागद युनिटला द्यायचा, कुठल्याची पोच यायची बाकी आहे, पुढच्या सहा महिन्यांत कोणता हप्ता आणि कोणता दाखला येतोय. ते एका कागदावर लिहा, एक प्रत त्याच्या बॅगेत, एक तुमच्या वहीत.